आर्मान्याकची द्राक्षे, झाडीपट्टीचा मोह : दोन गावे, दोन कायदे

१/
नैर्ऋत्य फ्रान्समध्ये लाबास्तीद दार्मान्याक नावाचे एक लहानसे गाव आहे. १२९१ मध्ये वसलेले, मधोमध चौक, भोवती लाकडी खांबांच्या ओसऱ्या आणि वेशीबाहेर द्राक्षमळे. या गावाची ओळख एका मद्याशी जोडलेली आहे. फ्रेंच कायदा त्या मद्याच्या नावाचे आजही रक्षण करतो.
आपल्या गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांतील शेकडो गावांची ओळखही एका फुलाशी आणि त्यापासून बनणाऱ्या मद्याशी जोडलेली आहे. तेथे मात्र कायद्याने उलटेच काम केले. हा थ्रेड त्या दोन कायद्यांविषयी आहे.

२/
प्रथम एक योगायोग पाहा. आर्मान्याक ही द्राक्षांच्या वाइनपासून ऊर्ध्वपातन करून मिळवलेली ब्रँडी. नियमानुसार हंगामातील ऊर्ध्वपातन पुढील वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत संपवावे लागते. म्हणजे मार्च सरता सरता गास्कनीतील भट्ट्या थंड होतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत झाडीपट्टीच्या जंगलात मोह गळू लागतो.

३/
मोहाचे फूल तोडायचे नसते, वेचायचे असते. पहाटेपासून मांसल, फिकट पिवळी फुले आपोआप गळतात. उन्हे चढण्यापूर्वी बायका-मुले टोपल्या घेऊन झाडाखाली पोहोचतात. फुले अंगणात वाळवली की मनुकांसारखी तांबूस होतात आणि वर्षभर टिकतात. पुढे त्याच झाडाला फळे येतात. त्यांच्या बियांचे तेल निघते. एकच झाड अन्न, तेल, गुरांचा चारा आणि पेय देते.

४/
मोहाला केवळ 'दारूचे झाड' समजणे ही इतिहासाची मोठी दिशाभूल आहे. वाळलेली फुले भाजून, उकडून, धान्याच्या पिठात मिसळून खाल्ली जात. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळला, तेव्हा जंगलालगतच्या कुटुंबांना ज्या वन्य अन्नाने तगवले त्यात मोहफूल अग्रभागी होते. पीक बुडाले तरी मोह सहसा पूर्ण बुडत नाही.

५/
आणि पेय? फुले पाण्यात काही दिवस भिजवून आंबवायची, मडक्यात तापवायची, वाफ दुसऱ्या भांड्यात गार करून उतरवायची. तत्त्वतः हे गास्कनीतील भट्टीपेक्षा निराळे नाही : साखर, किण्वन, उष्णता, वाफ, थंडावा. तेथे तांब्याची भट्टी, येथे मातीची मडकी. तेथे ओकच्या पिंपात वर्षानुवर्षे मुरवण्याची चाल, येथे ताजे वापरण्याची.

६/
गोंड समाजात या पेयाला धार्मिक स्थान आहे. जन्म, विवाह, मृत्यू, पेनपूजा, पूर्वजांचे स्मरण अशा प्रसंगी पहिले थेंब जमिनीला किंवा देवाला अर्पण होतात. सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुंफांपाशी माघ पौर्णिमेला गोंडी श्रद्धेची मोठी यात्रा भरते. त्या यात्रेला जाणाऱ्या समाजाच्या दृष्टीने मोह हा वृक्षांपैकी एक वृक्ष नसून नात्यातला वृक्ष आहे.

७/
आता थोडे फ्रान्समध्ये जाऊ. आर्मान्याक परगण्यातील लोक मद्य गाळू लागले ते मध्ययुगात. १३१० च्या सुमारास व्हिताल द्युफूर या धर्मगुरूने 'ज्वलनशील पाण्याचे' चाळीस गुण नोंदवले. तेव्हा ते औषध होते. सतराव्या शतकात डच व्यापारी आले आणि औषधाचा व्यापारी माल झाला. नदीच्या वरच्या भागातील वाइनवर बोर्दोच्या व्यापाऱ्यांच्या विशेषाधिकारांमुळे निर्बंध होते. गाळलेल्या मद्यावर ते नव्हते. म्हणून वाइनऐवजी ब्रँडी निघाली.

८/
पुढे फिरती भट्टी आली. गाड्यावर बसवलेली भट्टी हिवाळ्यात गावोगाव फिरे, शेतकरी आपली वाइन तिच्यात घाली आणि आपली ब्रँडी घेऊन घरी जाई. म्हणजे मद्य गाळणारा शेतकरी सर्वसामान्य होता, त्याची प्रक्रिया गावासमोर घडत होती आणि तिच्याकडे गुन्हा म्हणून कोणी पाहत नव्हते.

९/
इतकेच नव्हे. फ्रान्समध्ये 'बुयर द क्रू' नावाचा एक हक्क होता. ज्याची स्वतःची फळबाग किंवा द्राक्षमळा आहे त्याने आपल्या फळांपासून मद्य गाळावे आणि दहा लिटर शुद्ध मद्यार्कापर्यंत कर देऊ नये. हा हक्क वारशाने पुढच्या पिढीकडे जाई. आता हे वाक्य लक्षात ठेवा : 'आपल्या झाडाचे फळ, आपल्या वापरासाठी.' आपण याच वाक्याकडे पुन्हा येणार आहोत.

१०/
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलॉक्सेरा ही अमेरिकेतून आलेली सूक्ष्म कीड फ्रान्सच्या द्राक्षवेलींच्या मुळांना लागली आणि मळेच्या मळे उजाड झाले. वाइनचा तुटवडा पडला, त्याबरोबर बनावट मालाचा सुळसुळाट झाला. लांद विभागातील फ्रान्स्वा बाको या शाळामास्तराने रोगाला तोंड देणारी संकरित वेल शोधली. 'बाको' वेल आजही आर्मान्याकमध्ये लावली जाते.

११/
संकटाला फ्रेंच शासनाचे उत्तर काय होते? १९०५ मध्ये भेसळविरोधी कायदा. १९०९ मध्ये आर्मान्याकच्या प्रदेशाची सीमा ठरवणारा हुकूमनामा. १९३५ मध्ये नावांच्या रक्षणासाठी राष्ट्रीय संस्था. आणि १९३६ मध्ये आर्मान्याकला 'नियंत्रित उगमनाम'. अर्थ सरळ आहे : या मातीत, या वेलींपासून, या पद्धतीने बनलेल्या मद्यालाच हे नाव. कायदा गावाच्या बाजूने उभा राहिला.

१२/
आता परत आपल्याकडे. आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्या काळी हा भंडारा जिल्ह्याचाच भाग होता. गोंड राजांकडून तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला, १८५३-५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला. जमाबंदीत मालगुजार हा गावाचा मालक ठरला. गोंदियातील 'मामा तलाव' म्हणजे 'माजी मालगुजारी तलाव', हे अनेकांना ठाऊक असेल. त्याच व्यवस्थेत गावातील मोहाच्या झाडांवर हक्क कोणाचा, हा प्रश्नही कागदावर आला.

१३/
झाडावरील हक्काचा प्रश्न मालगुजार आणि वनखाते यांच्याकडे गेला. फुलापासून काय बनवायचे, हा प्रश्न अबकारी खात्याकडे. ब्रिटिश सरकारच्या महसुलाच्या महत्त्वाच्या स्रोतांपैकी अबकारी हा एक होता. मध्य प्रांतात दीर्घकाळ भट्टीचा ठेका लिलावाने दिला जाई. ठरावीक प्रदेशात दारू गाळण्याचा आणि विकण्याचा हक्क बोली जिंकणाऱ्याला मिळे.

१४/
लिलावातील सूक्ष्म अन्याय असा की, ठेकेदाराला हक्क मिळाला त्याच क्षणी गावातील प्रत्येक मडके बेकायदेशीर ठरले. आजी जे सणाला करीत होती ते आता 'चोरटी गाळणी' झाले. कृती तीच, साहित्य तेच, हात तेच. बदलली ती केवळ मालकी. आणि ठेकेदाराला आपली रक्कम वसूल करायची असल्यामुळे जास्तीत जास्त विक्री हेच त्याचे हित बनले.

१५/
१९०५-०६ मध्ये भारतीय अबकारी समितीने ही पद्धत तपासली. त्यानंतर मध्य प्रांतात ठेकेदार डिस्टिलरीतून दारू पुरवण्याकडे कल वाढला. १९१५ मध्ये मध्य प्रांतासाठी स्वतंत्र अबकारी कायदा झाला. गंमत पाहा : परवानाधारक देशी दारूचा कच्चा मालही तेव्हा मोहफूलच होते. गावाने फूल वेचायचे, व्यापाऱ्याला विकायचे, डिस्टिलरीने गाळायचे आणि गावाने कर भरून तेच परत विकत घ्यायचे.

१६/
मुंबई इलाख्यात याहून पुढचे पाऊल पडले. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गाळणीवर नियंत्रण आले. पण रानात फूल फुकट मिळते तोवर गाळणी कशी थांबणार? म्हणून १८९२ मध्ये 'मोहरा कायदा' आला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहफुले बाळगण्यावर, विकण्यावर निर्बंध घातले गेले. दारू बाजूलाच राहिली, फूलच संशयित ठरले.

१७/
या कायद्याचा तर्क मिठाच्या कायद्यासारखाच आहे. समुद्रकाठी मीठ फुकट पडलेले, म्हणून ते उचलणे गुन्हा. जंगलात फूल फुकट पडलेले, म्हणून ते साठवणे गुन्हा. निसर्ग जे विनामूल्य देतो ते महसुलाच्या आड येते, म्हणून कायदा निसर्गाच्या दारात चौकी बसवतो. मिठाचा सत्याग्रह आपल्या पाठ्यपुस्तकात आहे. मोहाचा हा कायदा सहसा नाही.

१८/
येथे एक आक्षेप रास्त आहे : दारूवर निर्बंध घालणे वाईट कसे? या प्रश्नाला बगल देता येणार नाही. १९२२ मध्ये दक्षिण गुजरातेत आदिवासींमध्ये 'देवी'ची चळवळ उसळली आणि तिचे पडसाद ठाणे-नाशिककडेही उमटले. देवीचा आदेश म्हणून हजारो लोकांनी दारू सोडली. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी या चळवळीवर संपूर्ण ग्रंथ लिहिला आहे. दारू सोडणे म्हणजे त्याच वेळी दारूविक्रेत्याच्या आणि सावकाराच्या पकडीतून सुटणे होते.

१९/
म्हणजे मोह गाळण्याचा हक्क मागणे आणि दारू नाकारणे, या दोन्ही कृतींच्या मुळाशी एकच गोष्ट होती : आमच्या गावात काय चालावे हे आम्ही ठरवू. अबकारी कायद्याला दोन्ही अडचणीच्या. घरी गाळणारा गोंड महसूल बुडवतो आणि दारू सोडणारा आदिवासीही महसूल बुडवतो. सरकारला हवा होता तो फक्त ठेकेदाराच्या दुकानातून विकत घेऊन पिणारा माणूस.

२०/
स्वातंत्र्यानंतर काय झाले? राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ ने दारूबंदीचा प्रयत्न हे राज्याचे धोरण मानले. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. त्यात मोहफुलांसाठी स्वतंत्र तरतुदी होत्या. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, आणि झाडीपट्टीवरही याच कायद्याची छाया पडली. वसाहतीचा हेतू महसूल होता, स्वतंत्र राज्याचा हेतू नैतिक होता. झाडाखालच्या बाईला मात्र दोन्ही वेळी तोच पोलीस आणि तीच तपासणी दिसली.

२१/
फ्रान्सनेही घरगुती गाळणीवर बंधने आणली, हे नमूद करणे न्याय्य ठरेल. १९५४-५५ मध्ये पंतप्रधान असलेल्या पिएर मेंदेस-फ्रान्स यांनी मद्यासक्तीविरुद्ध मोहीम उघडली. १९६० मध्ये 'बुयर द क्रू' हक्काचा वारसा थांबवण्यात आला. पण कसा? ज्यांच्याकडे करमाफीचा हक्क होता त्यांच्याकडे तो हयातभर राहिला. पुढच्या पिढीला मिळणार नाही, एवढेच. कारण त्या शेतकऱ्यांना मत होते, आणि त्या मताची संसदेला धास्ती होती.

२२/
या तुलनेतील कळीचा फरक येथे आहे. फ्रेंच शेतकऱ्याचा हक्क काढून घ्यायला संसदेला वर्षानुवर्षे झगडावे लागले. १८९२ किंवा १९१५ चे कायदे झाले तेव्हा मोह वेचणाऱ्यांपैकी कोणाचेही मत कोणी विचारले नव्हते. पेयांमध्ये शास्त्रीय अंतर फारसे नाही. अंतर आहे ते कायदा करणाऱ्या सभागृहात कोण बसले होते, यात.

२३/
फ्रान्स दूर वाटत असेल तर आपल्याच राज्यात पाहू. २००१ मध्ये महाराष्ट्राने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले. नाशिकजवळ विंचूर, सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन पार्क झाले. बागायतदाराच्या द्राक्षापासून बनलेल्या मद्याला 'शेतमाल प्रक्रिया उद्योग' म्हणून सवलती मिळाल्या. त्याच वर्षी गोंदियाच्या जंगलात वेचलेले मोहफूल दारूबंदी कायद्याच्या नियमांखालीच होते. एकाच राज्यात फळाला उद्योग खाते आणि फुलाला अबकारी खाते.

२४/
गोव्याने आणखी एक वाट दाखवली. काजूच्या बोंडांपासून बनणारी फेणी हेही गावठी मद्यच. २००९ मध्ये तिला भौगोलिक निर्देशन मिळाले, म्हणजे आर्मान्याकच्या उगमनामाचे भारतीय भावंड. पुढे गोव्याने तिला राज्याचे वारसा पेय मानले. 'गावठी' आणि 'वारसा' हे गुण बाटलीत नसतात, राजपत्रात असतात, हे यावरून ध्यानात यावे.

२५/
मोहाचा काळही आता थोडा पालटतो आहे. २०२१ मध्ये महाराष्ट्राने मोहफुले गोळा करणे, साठवणे, त्यांची वाहतूक करणे यांवरील निर्बंध सैल केले. विनापरवाना गाळणी अर्थातच आजही गुन्हा आहे. शेजारच्या मध्य प्रदेशाने मोहाच्या मद्याला 'वारसा मद्य' म्हणून धोरणात स्थान दिले आणि 'मोहुलो' हे नाव बाजारात आणले.

२६/
आणि २०२२ मध्ये आपल्या राज्य मंत्रिमंडळाने काजूबोंडे, मोहफुले यांसारख्या स्थानिक पदार्थांपासून बनणाऱ्या मद्याला 'देशी'ऐवजी 'विदेशी मद्य' या वर्गात ठेवण्याचा निर्णय घेतला. हेतू बाजारमूल्य वाढवण्याचा होता. तरीही शब्दाकडे क्षणभर पाहा. कचारगडच्या पायथ्याचे फूल, गोंडांचे पेय, आणि सरकारी वर्गवारीत 'विदेशी'. उलट 'देशी दारू' या नावाने दुकानांत जी बाटली मिळते तिचा मद्यार्क मुख्यत्वे उसाच्या मळीचा असतो.

२७/
मग उपाय काय? 'मोहाची दारू मोकळी करा' इतके सोपे उत्तर या इतिहासातून निघत नाही. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ मध्ये लोकचळवळीतून दारूबंदी आली. दारूने उद्ध्वस्त झालेल्या घरांची साक्ष तिच्यामागे होती आणि त्यात स्त्रियांचा आवाज मोठा होता. चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली, २०२१ मध्ये उठली. मोहाला रम्य वारसा म्हणून मिरवणाऱ्याने नवऱ्याची मार खाणाऱ्या बाईचे ऐकले पाहिजे. फ्रान्समध्येही वारशाच्या झगमगाटाखाली मद्यासक्तीचा प्रश्न होताच. मेंदेस-फ्रान्स यांची मोहीम उगाच नव्हती.

२८/
महाराष्ट्रात 'उभी बाटली, आडवी बाटली' या मतदानाने स्त्रिया गावातील परवानाधारक दुकान बंद करू शकतात. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला मादक पदार्थांची बंदी किंवा नियमन करण्याचा आणि गौण वनोपजाच्या मालकीचा अधिकार दिला. म्हणजे फूलही ग्रामसभेचे आणि बाटलीचा निर्णयही ग्रामसभेचा. वसाहती कायद्याने तोडलेल्या दोन गोष्टी येथे प्रथमच एकत्र आल्या.

२९/
पण गोंदियाकरांसाठी येथे एक बोचरी अट आहे. गडचिरोलीतील मोठा प्रदेश अनुसूचित क्षेत्रात आहे, गोंदिया जिल्हा नाही. त्यामुळे सालेकसा किंवा देवरीच्या गोंड गावाला पेसाचा अधिकार लागू होत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनोपजाचा हक्क मात्र मिळाला. झाडावर हक्क आहे, झाडाच्या फुलाचे पुढे काय करायचे किंवा काय करू द्यायचे नाही, यावर तसा नाही. १८६० च्या दशकात सुरू झालेली फाटाफूट या जिल्ह्यात अद्याप पूर्ण सांधलेली नाही.

३०/
लाबास्तीद दार्मान्याक येथे दर ऑक्टोबरात आर्मान्याकचा उत्सव भरतो आणि फ्रेंच पर्यटक तो पाहायला लांबून येतात. आपल्या झाडाखाली असा उत्सव व्हावा की नाही, हे मी सांगू शकत नाही. तेथील गोंड स्त्री-पुरुषांनी ग्रामसभेत बसून 'हो' म्हणावे किंवा 'नाही' म्हणावे. 'नाही' म्हणाले तरी ते त्यांचे 'नाही' असेल. १८९२ पासून आजवर त्यांना हा प्रश्न विचारायचे राहून गेले आहे, आणि मोहाच्या इतिहासातील खरी थकबाकी तीच आहे.

३१/
इतिहासाच्या विद्यार्थ्यांना एक विनंती. आपल्या जिल्ह्याचा इतिहास शोधताना किल्ले, राजे, लढाया यांबरोबर अबकारी नियम, जंगलाच्या नोंदी आणि जमाबंदीचे कागदही वाचा. वाजिब-उल-अर्ज या दस्तऐवजात गावाच्या चालीरीती लिहिलेल्या असत. सत्ता तलवारीने येते, पण घरातल्या मडक्यापर्यंत ती पोहोचते कागदाने.
तुमच्या गावात मोहाच्या झाडांची वाटणी कशी असे, फुलांचे कोणते खाद्यपदार्थ केले जात, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारा आणि खाली जरूर लिहा. थ्रेड समाप्त.